मागची खोली कुणाला द्यायची

मला कुणाला न्हाई म्हणता येत नव्हतं, हे आधी सांगितलं पायजे, म्हंजी पुढचं सगळं नीट कळंल. बोरीला माहेरी आमी चौघी बहिणी, मी शेंडेफळ, आन शेंडेफळाला कुणी काही इचारत न्हाई, नुसतं सांगत्यात. शाळा सोड म्हणले, बरं म्हणलं. पावणं बघायला येणारेत, साडी नेस म्हणले, बरं म्हणलं. नारायणगावला सासरी आले तरी तोंडात तोच शब्द. दारावर बोहारीण आली तरी तिला लावून देता यायचं न्हाई, घरातली चांगली साडी जायची आन बदल्यात प्लास्टिकचा टब यायचा. आमच्या आत्याबाई, म्हंजी सासूबाई, त्या टबांकडं बघून म्हणायच्या, "अगं, आपल्याला काय धोबीघाट काढायचाय का?" मी म्हणायची, बरं.

घर आमचं एस्टी स्टँडच्या मागं, एका चिंचोळ्या गल्लीत. पुढं दोन खोल्या, त्याला लागून चूल आन मोरी, आन मागच्या अंगाला यांनी टोमॅटोचे क्रेट ठेवायला बांधलेली एक खोली, विटांची, वर पत्रा, दार गल्लीत उघडणारं. यांचा टेम्पो व्हता. टोमॅटोच्या दिवसांत हे घरात म्हणून नसायचे, मार्केटमधनं माल भरला की कधी सुरत, कधी इंदूर. घरात मी, आत्याबाई आन आमची पिंकी, ती तवा नुकती बसाय लागली व्हती आन तिला दात येत व्हते. दात म्हंजी काय, सगळ्या गल्लीला ठावं झालं व्हतं पिंकीला दात येत्यात म्हणून, असं ते रडणं. तिकडं स्टँडवर कंट्रोलर माइकवर गाड्या पुकारायचा, घोडेगाव, मंचर, जुन्नर, ओतूर, आन इकडं पिंकी त्याच्या वरताण. संध्याकाळी आत्याबाई टीव्हीवर हिंदी सिरियल लावायच्या. त्यांना हिंदी कळायची न्हाई, पण कोण सासू आन कोण सून एवढं कळलं की बास, बाकीचं त्या मनानं घालायच्या, आन त्यांनी घातलेलं सिरियलीपेक्षा चांगलं असायचं.

त्या साली यांना मार्केटमधीच शेड मिळाली, क्रेट तिकडं गेले, खोली रिकामी झाली. हे म्हणले, भाड्यानं देऊ. यांनी आतनं चुना मारला, एक बल्ब लावला, तिथंच कोपऱ्यात मोरी करून नळ काढला आन टेम्पोला चावी मारता मारता मला म्हणले, "कुणी आलं तर बघून दे."

मी म्हणलं, "मी?"

"मग काय टोमॅटोनं बघायचं का?" म्हणले, आन गेले.

मी किल्ली खुंटीला अडकवली आन मनात म्हणलं, कुणी येऊच नये. कारण आमच्या गल्लीत खोली द्यायची म्हंजी नुसतं बघायचं नसतं, तात्यांना इचारायचं असतं. तात्या म्हंजी समोरच्या दुमजली घरातले, साखर कारखान्यात टाइमकीपर व्हते, रिटायर झाले आन गल्लीचे टाइमकीपर झाले. कोण किती वाजता गेलं, कोण कधी आलं, कुणाच्या घरी कंचा पावणा, सगळं ओट्यावर बसून बघायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले धावायचे, लग्नात पंगतीला वाढायला उभे ऱ्हायचे. पण खोलीच्या बाबतीत त्यांचे नियम व्हते आन ते नियम अख्ख्या गल्लीला पाठ व्हते. सडं माणूस नको, बाई असू नायतर बाप्या. तमाशाच्या फडातलं नको. कुत्रं पाळणारं नको. अवेळी येणारं जाणारं नको. मटण-मासळी खाणारं नको, आन हे सांगताना दर रविवारी तात्यांच्याच घरनं असा काय रश्श्याचा वास सुटायचा की आत्याबाई म्हणायच्या, "तात्यांच्या घरचा बकरा माळकरी व्हता वाटतं." आन एक नियम तात्या तोंडानं बोलायचे न्हाईत. खोली बघायला कुणी आलं की आधी आडनाव इचारायचे, मग गाव, मग गावात कंच्या आळीला ऱ्हाता, आन एवढं झालं की खोली द्यायची का न्हाई ते त्यांच्या मिशीवरनं कळायचं. "जागेच्या मालकाचा हक्क असतो बाबा," म्हणायचे, "आपली जागा, आपण कुणाला बी द्यावी, कुणाला बी न द्यावी. कायदाच हाय तसा."

(आता पिंकी पुण्याला नोकरीला हाय. मागं तिला खोली बघायची व्हती तर एजंट फोनवर इचारतो, फॅमिली का बॅचलर, व्हेज का नॉनव्हेज, पूरं नाव सांगा. ती मला म्हणली, आई, हे असलं पहिल्यांदाच आयकलं. मी म्हणलं, मी तर तुला मांडीवर घेऊन आयकलंय.)

पहिल्यांदा खोली बघायला आले ते तात्यांचेच भाचेजावई. खतांच्या दुकानात हिशेबाला लागले व्हते, गोरेपान, शर्ट खोचलेला, तात्या स्वतः घेऊन आले. मी पदर सारखा करून चहा ठेवला. जावईबापूंनी खोली बघितली, नळ सोडून बघितला, बल्ब लावून बघितला, आन निघताना पिंकीच्या मुठीत एक नोट दिली. आता आमच्याकडं तान्हं लेकरू पहिल्यांदा बघितलं की रिकाम्या हातानं बघत न्हाईत, कुणी नोट देतं, कुणी टोपडं, ज्याची जशी ऐपत. पिंकीनं नोट तोंडात घातली, मी ती काढून तिच्या टोपड्याच्या डब्यात ठेवली आन इसरले. तात्या म्हणले, "मग रविवारी सामान आणायचं ना?" मी काय म्हणले असंन ते आता तुमीच सांगा. बरं म्हणले. माझ्या मनात व्हतं, रविवारपर्यंत हे येत्याल, मग हे बघत्याल.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई खोडदला त्यांच्या बहिणीकडं गेल्या व्हत्या, कांदा काढायला चालला व्हता तिकडं. ऊन तापलेलं, पिंकी दातांनी नुसती कोकलत व्हती, तिला खांद्यावर टाकून मी ओसरीत येरझाऱ्या घालत व्हते आन दारात खाकी कपडे दिसले. खाकी म्हणलं की पोलिस, आन पोलिस म्हणलं की टेम्पोला कायतरी झालं. मग बघते तर बाई. खाकी साडी, खाकी ब्लाऊज, खांद्याला चामड्याची बॅग, काखेत तिकिटांचा ट्रे. एस्टीत बायका कंडक्टर तवा नव्याच आल्या व्हत्या, मी अजून एकही जवळनं बघितली नव्हती. माझ्याच वयाची, सावळी, घामाघूम.

"खोली हाय म्हणून कळलं," म्हणली. मी मान हालवली. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी ऱ्हायली आन एका दमात बोलली, जशी काय गाडी सुटायची व्हती. "ताई, आधीच सगळं सांगते. माझं नाव संगीता गायकवाड. गायकवाड म्हंजी कंचे असं तुमी इचाराल, तर आमी बौद्ध. गाव घोडेगावच्या पलीकडं. एकटी ऱ्हाणार, लगीन झालेलं न्हाई. ड्युटी कधी पाटंची, कधी रातची. कोंबडी मिळाली तर खाते. आता न्हाई म्हणायचं असंल तर असं उन्हातच म्हणा. चहा पाजून म्हणू नका. चहा पिऊन न्हाई आयकायला लई वाईट वाटतं."

आन पिंकीचा आवाज असा की ती काय बोलली त्यातलं अर्धं मला तिच्या ओठांवरनं कळलं. तवा तिनं बॅगेतनं तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला, ते पंच, आन पिंकीच्या कानाशी धरून वाजवलं. टिक टिक, टिक टिक टिक, कंडक्टर लोक गाडीत दांड्यावर वाजवत येत्यात तसं. पिंकी गप. एकदम गप, नळ बंद करावा तशी. डोळे मोठे करून बघाय लागली आन मग हसली, खालचे दोन दात दिसले. मला रडूच आलं. किती दिवसांनी घरात आवाज बंद झाला व्हता. मी म्हणलं, "बाई, तुमी आधी आत या."

चहा मी केलाच. ती म्हणली, "म्हंजी न्हाई का?" मी म्हणलं, "तसं न्हाई, मला पण प्यायचाय." मग ती बसली, ओसरीच्या कडंला, अर्धी आत अर्धी बाहेर. सांगाय लागली. पाटंची पहिली गाडी तिच्या ड्युटीला लागली की तिच्या गावावरनं नारायणगावला पोचायला त्या येळंला काहीच न्हाई. म्हणून इथं एका मैत्रिणीकडं पथारी टाकायची, पण मैत्रिणीचं घर भरलेलं, तिच्या सासूचं तोंड वाकडं व्हायला लागलं. गावात खोल्या बघितल्या, फोनवर सगळे या म्हणायचे, आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच दिलेली असायची. हे सांगताना ती हसत व्हती. "माझ्या येण्याच्या आदल्या दिवशी या गावात लई खोल्या जात्यात," म्हणली. सोमवारपासनं तिला पाटंची ड्युटी लागणार व्हती आन खोली न्हाई मिळाली तर बाप म्हणला व्हता, राजीनामा दे आन घरी ये, पोरीनं असं दारोदार फिरू नये. "नोकरी सोडली तर परत लागणार न्हाई, ताई. किती पोरी लाइनीत व्हत्या त्या भरतीला."

ती हे बोलत व्हती आन पिंकी तिच्या मांडीवर बसून चिमटा चावत व्हती. मी उठले, खुंटीवरची किल्ली काढली आन तिच्या हातात दिली. कशी दिली मला आजही कळत न्हाई. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी इचारलं नव्हतं, माझ्या हातानं किल्ली दिली. तिनं किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन उरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला, माझं मन बदलायच्या आत.

ती गेली आन मी रिकाम्या खुंटीकडं बघत बसले. आत्याबाई संध्याकाळी कांद्याचं गाठोडं घेऊन आल्या, त्यांना मी भाकरी वाढता वाढता सगळं सांगितलं. त्या मिश्री लावत बसल्या. मग म्हणल्या, "कंडक्टर म्हंजी सरकारी?" मी म्हणलं, हो. "पाणी लई वापरती का?" मी म्हणलं, एकटीच हाय. चूळ भरून आल्या आन म्हणल्या, "तात्याला काय सांगणार?"

"तुमी सांगा ना, आत्याबाई."

"दिली कुणी?"

"मी."

"मग सांग तू," म्हणल्या, आन सिरियल लावली.

मी तात्यांना सांगितलं न्हाई. धीरच व्हईना. ते ओट्यावर बसलेले दिसले की मी दार लावून घ्यायची, आन दुसरीकडं हे कधी येत्यात म्हणून वाट बघायची, आन हे तिकडं सुरतेत, गाडीचा पाटा तुटला म्हणून अडकलेले.

रविवारी सकाळी संगीता आली. सामान म्हंजी एक पत्र्याची पेटी, वळकटी, स्टोव्ह, दोन पातेली, भिंतीला लावायचा बाबासाहेबांचा फोटो आन एक लोखंडी खुर्ची. आत्याबाईंनी त्या दिवशी मासवड्या घातल्या व्हत्या. आमच्या भागात सणाला नायतर जावई आला की मासवडी, बेसनाच्या वड्यांत तीळ-खोबऱ्याचं सारण आन झणझणीत काळा रस्सा, नाव मासवडी पण मासाचं नखही न्हाई त्याच्यात. ना सण व्हता, ना जावई. मी इचारलं कशाला एवढा खटाटोप, तर म्हणल्या, "खावंसं वाटलं." मी मागच्या खोलीच्या उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं, आन संगीतानं स्टोव्ह पेटवून त्याच्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. नवीन घरात दूध उतू घालायचं असतं, मग तिथं सुखानं ऱ्हाता येतं. आमी दोघी पातेल्याकडं टक लावून बसलो, आन बघत बसलं की दूध कधी वर येत न्हाई. येता येता साय वर आली, फुगली, आन तेवढ्यात गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला.

मला वाटलं, हे आले. पळत बाहेर गेले तर दुसराच टेम्पो, वर कपाट, पलंग, गॅसच्या टाक्या, पंखा, आन कपाटाला टेकून जावईबापू. पुढं ड्रायव्हरजवळ त्यांची बायको सुलू, तात्यांची भाची, मांडीवर देवघर घेऊन. तात्या ओट्यावरनं उतरून पुढं झाले आन खोलीच्या दारात येऊन बघतात तर आत खाकी साडीतली संगीता, हातात फडकं, आन स्टोव्हवरनं दूध सगळीकडं उतू चाललेलं.

"ही कोण?" तात्या म्हणले.

संगीतानंच सांगितलं, नाव, आडनाव, गाव, सगळं, जसं मला सांगितलं व्हतं तसंच, फक्त आता आवाज बारीक झाला व्हता. आन सांगता सांगता ती पेटीकडं वळली, तिनं खुर्ची घडी केली, भिंतीला टेकवलेला फोटो उचलून पोटाशी धरला. कुणी काही म्हणायच्या आत. तिला सवय झाली व्हती ना.

तात्या मला म्हणले, "पोरी, खोली तर तू आमाला दिलीया. जावयानं खोलीचा इसार दिलाय, गल्लीदेखत, पोरीच्या मुठीत. चहा प्यालोय आमी. तू बरं म्हणली. न्हाई म्हण बरं, म्हणली का न्हाई?"

म्हणले व्हते. गल्ली सगळी बाहेर आलेली. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणला, "राव, उतरवायचं का न्हाई ते ठरवा, मला पुढं ओतूरला कांदा भरायचाय." तात्या म्हणले, "उतरव." ड्रायव्हरनं पंखा खाली घेतला. मी म्हणलं, "थांबा." माझा आवाज इतका बारीक की मलाच आयकू आला न्हाई. आत्याबाई रस्सा लागलेली पळी घेऊन तशाच बाहेर आल्या व्हत्या, त्या ड्रायव्हरला म्हणल्या, "तिला काय म्हणायचंय ते आयकू दे की रं. पंखा काय पळून चाललाय?"

आता सगळे माझ्याकडं. पिंकी कडंवर, घाम कानामागनं चाललेला, पण सुरुवात केली तर मग थांबताच येईना. म्हणलं, "तात्या, जावयांनी लेकराचं तोंड बघितलं आन लेकराच्या हातात दिलं. ते लेकराचं. मला वाटलं तान्ही बघितली म्हणून दिलं. तुमी ते इसार धरलं, ते मला ठावं नव्हतं. मी बरं म्हणले ते खरं. मी सगळ्यांनाच बरं म्हणते, बोहारणीला बी म्हणते, इचारा आत्याबाईंना. पण इसार पिंकीला दिलाय तर पिंकी मोठी झाली की तिच्याकडनं खोली घ्या. मी किल्ली यांना दिलीय. चूल पेटली, दूध उतू गेलं. उतू गेलेलं दूध मी परत पातेल्यात कसं घालू?"

पलीकडच्या घरातली एकजण फस्सकन हसली. तात्यांची मिशी हालली. म्हणले, "अगं पण गल्लीचा नियम हाय. सडी बाई, रात्री-अपरात्री येणार जाणार. आन..." ते तिथंच थांबले. ते 'आन' तसंच लटकत ऱ्हायलं, कुणी उचललं न्हाई. संगीता फोटो धरून उभी.

मी म्हणलं, "तुमीच म्हणता ना तात्या, मालकाचा हक्क असतो, कुणाला बी द्यावी. हे घरी न्हाईत. आत्याबाईंनी माझ्यावर टाकलंय. मग आज तो हक्क माझाच हाय ना? न द्यायचा हक्क हाय तसा द्यायचा पण असंल की त्याच्यातच."

हे मी कुठनं बोलले मला म्हाईत न्हाई. आजवर मी जेवढे जागामालक बघितले तेवढे तो हक्क नकार द्यायलाच काढत्यात, एरवी पेटीत ठेवत्यात. मी तवा एवढा इचार केला नव्हता. मी नुसती भ्यालेली व्हते आन तिच्या हातातला तो फोटो परत पेटीत जाऊ नये, एवढंच मला दिसत व्हतं.

तात्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. "वैनी, तुमचं काय म्हणणं?"

आत्याबाई म्हणल्या, "माझं म्हणणं रस्सा आटतोय. आन रात्री-अपरात्रीचं काय घेऊन बसला तात्या, ती सरकारची गाडी घेऊन येती, तुमच्यासारखी पत्ते कुटून न्हाई येत."

आता मात्र सगळी गल्ली हसली. आन ह्या सगळ्यात जिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं ती सुलू, देवघर घेऊन टेम्पोतच बसलेली, तिथनं म्हणली, "मामा, आमी आता कुठं जायचं? तुमची माडी तर वर्षानुवर्ष रिकामी पडलीय."

तात्यांचं तोंड बघायसारखं झालं. माडी खरंच रिकामी व्हती. पण ती भाड्यानं द्यायची न्हाई, वर कुणी ऱ्हायलं की डोक्यावर पाय वाजत्यात, हा तात्यांचा स्वतःपुरता नियम. भाची जवळ पायजे, पण गल्लीच्या पलीकडं, असा त्यांचा हिशेब. जावईबापू खाली मान घालून शर्टाचं बटण चाळत व्हते. ड्रायव्हर म्हणला, "माडीवर न्यायचं तर दोन माणसं द्या, कपाट जिन्यात अडकणार." आन कपाट खरंच अडकलं. मग ते काढायला गल्लीतले बाप्ये गेले, दोर आला, दोन्हीकडनं ओढाओढ, आन तात्या खालनं "भिंत घासू नका, भिंत घासू नका" करत. संगीतानं फोटो खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आन ती पण गेली. जिन्याच्या खालच्या अंगाला उभी ऱ्हाऊन म्हणाय लागली, "थोडं मागं घ्या, अजून मागं, हां, आता डावीकडं कट मारा," अशी स्टँडात गाडी मागं घेताना सांगत्यात तशी, आन सगळे बाप्ये तिचं आयकून कपाट वळवत व्हते. कपाट वर गेलं. तात्या तिला काही बोलले न्हाईत. पण पाण्याचा तांब्या फिरत व्हता तो तिच्यापाशी आला, ती प्याली, आन तिच्या हातनं तो तात्यांनी घेतला आन प्याले. सगळ्यांनी बघितलं.

मासवड्या त्या दिवशी पुरल्या न्हाईत. सुलूकडं गॅस जोडला नव्हता म्हणून ती आन जावई आमच्याकडंच जेवले, ड्रायव्हर जेवला, संगीता जेवली, शेवटी आत्याबाईंनी आन मी रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्ली, आन मला इतकी भूक लागली व्हती की तेवढी चव मला परत कधी लागली न्हाई. संगीताला घाम फुटला रश्श्यानं, नाक ओढत म्हणली, "ताई, कोंबडी नको आता, हेच करत जा." आत्याबाई म्हणल्या, "तिखट सोसत न्हाई आन म्हणे घोडेगावची."

उन्हं उतरताना एक म्हातारा गल्लीत आला. धोतर, टोपी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, काखेत गोणपाटाचं रिकामं पोतं. खोलीपासनं लांबच उभा ऱ्हायला. संगीता त्याला बघून पळत गेली, "आबा, तुमी कशाला आला?" तिचा बाप. तो मला नमस्कार करून म्हणला, "बाई, रागावू नका. पोरीचा निरोप आला खोली मिळाली म्हणून. मागं पण मिळाली व्हती, आन दोनदा सामान टाकलं की मालकाचा इचार बदलला. दोनदा मीच येऊन सामान पोत्यात भरून नेलं. म्हणलं, एकटीनं कसं उचलील. म्हणून आलो." आन त्यानं पोतं दाखवलं.

आत्याबाई आतनं म्हणल्या, "पावणं, बाहेर काय उभं, आत या. भाकरी हाय, रस्सा हाय थोडा." तो आत आला, संगीताच्या खोलीत गेला, बल्ब लावून बघितला, फोटो भिंतीवर लागला व्हता त्याच्यापुढं हात जोडले, नळ सोडला, पाणी आलं, बंद केला. परत सोडला. आमच्या ओसरीत बसून जेवला, पिंकीला मांडीवर घेतलं, तिच्या हातात द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं तर खिशातनं दोन बोरं काढून दिली, मी ती घशात अडकत्याल म्हणून लगेच काढून घेतली. माइकवर घोडेगावची गाडी पुकारली तसा तो उठला. पोतं काखेत घेतलं, गल्लीत चार पावलं गेला आन परत आला.

"हे न्यायचं कशाला," म्हणला. त्यानं पोतं झटकलं, मधनं घडी घातली आन वाकून लेकीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी अंथरलं, हातानं नीट सपाट केलं. "पाय पुसायला व्हईल," म्हणला, आन गाडी चुकंल म्हणून लगबगीनं गेला.

संगीता दारात उभी, मी उभी, त्या पोत्यावर पाय ठेवायला कुणालाच होईना. तेवढ्यात आत्याबाई राखेनं भरलेले पाय घेऊन आल्या, त्याच्यावर घसाघसा पाय पुसले आन संगीताच्या खोलीत शिरल्या. "टीव्ही घेणार का न्हाई गं तू?" आतनं इचाराय लागल्या.